घरच्या कारखान्यासाठी बँडसॉ : घ्यायचा कसा, बसवायचा कसा

कापडाच्या धंद्यात कटिंग मास्तर चिंधी किती पाडतो यावर नफा ठरतो. लाकडाचेही तसेच आहे. तेथे चिंधीऐवजी भुस्सा पडतो, इतकाच फरक. चार इंच रुंद आणि 50 मिलिमीटर जाड सागाची फळी घ्या आणि तिच्यातून 6 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढा. गोल करवत दोन्ही बाजूंनी फिरवावी लागते आणि दर वेळी ती सुमारे 3 मिलिमीटर लाकूड खाते. पाच पट्ट्या निघतात. बँडसॉचे पाते सुमारे 1 मिलिमीटर खाते, सात निघतात. सागाचा भाव पाहता या वरच्या दोन पट्ट्यांतच कारागिराची मजुरी सुटते.

रेडीमेडच्या कारखान्यात कापडाची थप्पी कापणारी बँड नाइफ ज्यांनी पाहिली आहे त्यांना बँडसॉ वेगळा समजावून सांगायला नको. दोन चाकांवर फिरणारे गोल जोडलेले पाते आणि मध्ये टेबल. तेथे पात्याला धार असते, येथे दाते. इंग्लंडच्या न्यूबेरीने 1808 मध्ये याचे पेटंट घेतले होते. पण पात्याचा जोड टिकेना, म्हणून यंत्र पडून राहिले. 1846 च्या सुमारास फ्रान्समधल्या क्रेपँ नावाच्या बाईंनी जोडाची रीत काढली तेव्हा ते चालू लागले. आजही या यंत्राची निम्मी कटकट जोडाचीच असते.

मशीन घेण्याआधी एक काम करावे. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातील 1996 पासूनच्या आदेशांमुळे लाकूड चिरणाऱ्या यंत्रांवर वनखात्याची नजर असते. आपण ओंडके चिरणार नाही, बाजारातून बिलावर घेतलेली फळीच कापणार, हे लिहून आपल्या विभागाच्या वन कार्यालयात अर्ज द्यावा आणि परवाना लागतो की नाही याचे उत्तरही लेखीच घ्यावे. तोंडी "चालेल" म्हणणारे साहेब उद्या बदलून जातात. लाकडाची बिलेही फाइलला लावून ठेवावीत.

घरच्या कामाला 14 इंची चाकांचे मशीन पुरते. त्यात साधारण सहा इंच उंचीचे लाकूड जाते. एक हॉर्सपॉवरची मोटर घरच्या सिंगल फेजवर चालते, मात्र वायर जाड हवी आणि अर्थिंग पक्के हवे. लाकडासाठी पात्याचा वेग मिनिटाला सुमारे 3000 फूट असावा. मोटर 1440 फेऱ्यांची असेल तर मोटरवर चार इंची आणि चाकावर सात इंची पुली बसवावी. हिशेब बरोबर जुळतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा आपल्या गावच्या जुन्या बाजारात सेकंडहँड घेत असाल तर रंग पाहू नका. वरचे चाक हातात धरून हलवा, बेअरिंगचा आवाज ऐका, चाकावरच्या रबराला चिरा आहेत का पाहा, ताण देणारा स्क्रू आणि चाक कलते करणारा स्क्रू शेवटपर्यंत फिरतो का तपासा. रबर आणि बेअरिंग बदलता येते. चाकच वाकडे असेल तर सौदा सोडून द्यावा.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी 15 हजारांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे; ते कर्ज नव्हे. कर्जाचा भाग वेगळा आहे आणि त्यावर 5 टक्के व्याज आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार करायचा नाही त्यांनी हातअवजारे व्हाउचरवर घेऊन बँडसॉपुरती रोकड साठवावी. दुकानदाराचा "सोपा हप्ता" घेण्याआधी त्यात व्याज किती धरले आहे ते कागदावर मांडून घ्यावे.

आता बसवणे. बँडसॉ वाकडा कापतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मशीन ठीक असते, बसवणे चुकलेले असते. प्लग काढून काम सुरू करावे. गाइड आणि मागचे बेअरिंग पूर्ण मागे सरकवून पाते चढवावे, दाते खाली आणि आपल्याकडे. आधी ताण द्यावा : वरचे गाइड टेबलापासून सहा इंचांवर ठेवून पात्याला बाजूने बोटाने दाबले तर ते दोन सुतांपेक्षा जास्त दबू नये. मग चाक हाताने फिरवत कलाचा स्क्रू असा लावावा की पाते रबराच्या मधोमध धावेल. त्यानंतर टेबल गुण्या लावून काटकोनात आणावे. गाइड शेवटी. ते पात्यापासून कागदाच्या जाडीइतके दूर आणि दात्यांच्या मागे हवे, नाहीतर दात्यांची धार जाते. मागचे बेअरिंग रिकाम्या चालीत पात्याला टेकू नये, लाकूड ढकलल्यावरच फिरावे. चालू मशीनमधून टक्‌ टक्‌ असा आवाज ठरावीक ठेक्यात येत असेल तर जोड सरळ नाही; असे पाते परत करावे.

तरीही पाते किंचित तिरपे ओढते. मोडक्या फळीवर कडेशी समांतर रेघ मारून हाताने अर्धी कापावी, मशीन बंद करावे, फळी ज्या कोनात उभी राहिली त्याच कोनात आधारपट्टी आवळावी. काम सरळ येऊ लागते.

पात्यांची निवड रेहलच्या उदाहरणाने नीट कळते. अस्सल रेहल एकाच फळीची असते. मध्ये बिजागरीचे दात कोरायचे आणि दोन्ही टोकांकडून फळी जाडीतून चिरत बिजागरीपर्यंत आणायची. हे चिरणे चार सुती, इंचाला तीन दात्यांच्या पात्याचे काम. वरच्या कमानी आणि वेलबुट्टीची कड दोन सुती पात्याने वळते. त्याला साधारण सव्वा इंच व्यासाचे वळण घेता येते. चार सुती पात्याने तसे वळण घेऊ गेलात तर पाते तुटेल. सहारनपूरसारखे बारीक कोरीव काम अर्थात छिन्नीचेच, ते मशीनवर होत नाही.

गाइड लाकडाच्या वर दोन सूत, त्याहून उंच नको. कुर्त्याच्या बाह्या वर दुमडलेल्या, हातमोजे नकोत, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके. शेवटच्या दोन इंचांसाठी बोट नव्हे, लाकडाची ढकलणी वापरावी. संध्याकाळी काम संपले की पात्याचा ताण सैल करावा, नाहीतर रबरात खळगा पडतो, आणि सैल केल्याची चिठ्ठी स्विचवर लावावी म्हणजे सकाळी पोरगा तसेच चालू करणार नाही.