तापलेल्या टिटॅनियमचा पापुद्रा

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एखाद्या गाळ्यात टिटॅनियमचा पाइप टिग वेल्डिंगने जोडायचा असेल, तर वेल्डर आधी जोडाचा रंग बघेल. रुपेरी असेल तर आर्गॉनचे आवरण नीट बसले. फिकट पिवळा बहुधा चालून जातो. निळ्यावर कपाळाला आठी पडते आणि पांढरी भुकटी दिसली की जोड कापायचा. हे रंग म्हणजे ऑक्साइडच्या थराची जाडीच.

थंडपणी हा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो आणि समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही. पण 600 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा राखणदारपणा संपतो. त्याच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा मुळातच रिकाम्या असतात. लोकलमध्ये खिडकीजवळचा उठला की बाकीचे सरकतात आणि रिकामी जागा चौथ्या सीटपर्यंत येते, तसा इथे ऑक्सिजन जागा बदलत आत शिरतो.

आत गेल्यावरची गोष्ट अधिक वाईट. टिटॅनियम ऑक्सिजन चक्क विरघळवून घेतो. अगदी एकूण अणूंपैकी सुमारे एक तृतीयांश ऑक्सिजनचे होईपर्यंत. त्यातून पृष्ठभागाखाली कडक, ठिसूळ कवच तयार होते. कारखान्यात त्याला ‘अल्फा केस’ म्हणतात. भार पडला की तडे तिथूनच सुरू होतात, म्हणून ते घासून किंवा हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात बुडवून काढावे लागते.

मग मिश्रधातूत काय घालावे? ॲल्युमिनियम हे पहिले उत्तर, पण त्याचा लौकिक थोडा वाढवून सांगितला जातो. त्याचा ऑक्साइड ऑक्सिजनला चांगला अडवतो खरा. मात्र टिटॅनियमलाही ऑक्सिजनची जवळपास तितकीच ओढ असल्याने थोड्या ॲल्युमिनियमने सलग थर बनत नाही, दोन्ही ऑक्साइड मिसळून वाढतात.

नायोबियमची चाल वेगळी. टिटॅनियमची संयुजा चार, नायोबियमची पाच. ऑक्साइडमध्ये चाराच्या जागी पाच बसला की विद्युतभाराचा हिशेब जुळवण्यासाठी ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा कमी होतात. तीन संयुजेचा क्रोमियम थोडा घातला तर याच हिशेबाने जागा वाढतात आणि थर वेगाने जाड होतो. पोलाद गंजू न देणारा क्रोमियम इथे उलटा वागतो, हे मला या विषयातले सर्वांत गमतीचे वाटते. सिलिकॉनची संयुजा चारच, त्यामुळे त्याला हा हिशेब लागू नाही. तो थर बारीक कणांचा आणि घट्ट करतो. 600 अंशांपर्यंत चालणाऱ्या आयएमआय 834 या ब्रिटिश मिश्रधातूत तो जेमतेम 0.35 टक्के असतो, नायोबियम 0.7 टक्के.

व्हॅनेडियम मात्र उष्णतेसाठी नव्हेच. त्याचा पेंटॉक्साइड 700 अंशांच्या आतच वितळतो. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा सर्वाधिक खपाचा मिश्रधातू निवडतात तो ताकदीसाठी.

ॲल्युमिनियम भरपूर वाढवले तर चित्र पालटते. एअर इंडियाच्या बोइंग 787 विमानांवरील जीईएनएक्स इंजिनांत कमी दाबाच्या टर्बाइनची शेवटची पाती टिटॅनियम ॲल्युमिनाइडची असतात: शंभर अणूंत 48 ॲल्युमिनियमचे, दोन क्रोमियमचे, दोन नायोबियमचे. निकेलच्या मिश्रधातूच्या निम्म्या वजनात काम होते. तरी पुढच्या, अधिक तापणाऱ्या पात्यांना निकेलच लागते.