लहान मुलांना घेऊन दोन रात्रींची मुंबई सहल: दमछाक न होता कशी आखावी?

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागली की नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूरकडची अनेक कुटुंबे दोन-तीन दिवसांसाठी मुंबईला येतात. यादी बहुधा ठरलेली असते: गेटवे, राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारांगण, चौपाटी आणि वेळ मिळाला तर खरेदी. हे सगळे दोन दिवसांत ‘उरकायचे’ असते. मोठ्यांना ते जमते. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाला जमत नाही. दुसऱ्या दिवशी ते रडायला लागते, जेवत नाही, आणि घरी परतल्यावर जुलाब, उलट्या किंवा ताप घेऊन दवाखान्यात येते.

यातले बरेचसे आजारपण टाळता येते. हा लेख मुख्यतः १ ते ५ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. उदाहरण मुंबईचे घेतले असले, तरी नियम कोणत्याही शहराला लागू पडतात. सर्वांत महत्त्वाचा नियम असा: मुलाची झोप, जेवण आणि पाणी आधी वेळापत्रकात लिहा, प्रेक्षणीय स्थळे उरलेल्या वेळात बसवा.

लहान मूल इतके लवकर का थकते?

*झोप:* १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसभरात एकूण ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. यात दुपारची झोपही धरलेली आहे. सहलीत नेमकी तीच बुडते. झोप बुडालेले मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही. ते उलट चिडचिडे होते, हट्ट करते, जमिनीवर लोळण घेते. पालकांना तो ‘हट्टीपणा’ वाटतो, पण अनेकदा तो नुसता थकवा असतो.

*उष्णता:* वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असते. त्यामुळे बाहेरची उष्णता त्यांचे शरीर लवकर घेते. मुंबईत हवा दमट असल्याने घाम पटकन वाळत नाही. घाम वाळल्यानेच शरीर थंड होते. तो नुसता निथळत राहिला तर पाणी आणि क्षार तेवढे जातात, गारवा मिळत नाही.

*पाणी:* खेळण्यात गुंतलेले मूल तहान लागली तरी सांगत नाही. म्हणून त्याने मागण्याची वाट पाहू नका. दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट आपणहून पाजा. सहा महिन्यांखालील, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र वरचे पाणी देऊ नये. त्याला अधिक वेळा दूध पाजावे.

केव्हा जावे आणि केव्हा बेत पुढे ढकलावा?

मुंबईसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुलांना सर्वांत सोसणारा. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा असतो आणि पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचते. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा वेळी मुलाला उचलून घ्या, नंतर पाय साबणाने धुवा आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

मुलाला ताप, जुलाब किंवा धाप लागत असेल तर तिकिटे काढलेली असली तरी बेत पुढे ढकला. तीन महिन्यांखालील बाळाला केवळ फिरण्यासाठी गर्दीच्या शहरात नेऊ नये. वयानुसार द्यायच्या लसी राहिल्या असतील, तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना भेटून त्या पूर्ण करा.

प्रवास: उलटी आणि सुरक्षा

बोरघाट असो की कसारा घाट, वळणे सुरू झाली की काही मुलांना मळमळते. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा ‘आपण हलतो आहोत’ असे मेंदूला सांगते, तर मोबाइलवर किंवा पुस्तकावर खिळलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतात. या गोंधळातून उलटी होते. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांत हा त्रास जास्त दिसतो.

- निघण्यापूर्वी हलके खायला द्या. उपाशीही ठेवू नका आणि पोटभर तेलकट नाश्ताही नको.
- घाटात मोबाइल बंद. समोर, दूरवर बघायला सांगा.
- खिडकी थोडी उघडा आणि मध्ये थांबा.
- उलटीचे औषध मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

गाडीने जात असाल तर मूल पुढच्या सीटवर मांडीत नको. मागे, त्याच्या मापाच्या चाइल्ड सीटमध्ये बसवा. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला बंद गाडीत कधीही ठेवू नका. उन्हात उभी गाडी आतून काही मिनिटांतच धोकादायक तापते.

शक्य असेल तर रेल्वेने या. मुलाला हालचाल करता येते आणि स्वच्छतागृह जवळ असते. मुंबईतल्या लोकलमध्ये मात्र कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत मूल आणि सामान घेऊन चढू नका. बाळाला अंगावर पाजायचे असेल तर एसटी स्थानकावर आणि काही रेल्वे स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. नसेल तर ओढणी किंवा साडीचा पदर पुरेसा आहे. त्यासाठी दूध पाजणे लांबवू नका.

दिवसाला एकच मोठे ठिकाण

मुक्काम स्वस्त पण लांब घेण्यापेक्षा, पाहायच्या ठिकाणांजवळ घ्या. दुपारी खोलीवर परतता येणे हे या सहलीचे खरे सुख आहे. पुढील आखणी नमुन्यादाखल आहे.

*पहिला दिवस:* दुपारपर्यंत पोहोचा. जेवण आणि झोप. संध्याकाळी मलबार हिलवरील कमला नेहरू पार्क. म्हातारीचा बूट आणि मोकळी हवा, एवढे पहिल्या दिवसासाठी पुरे.

*दुसरा दिवस:* सकाळी लवकर नाश्ता करून भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बाग बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवून दिवस ठरवा. जुनी झाडे असल्याने सावली भरपूर आहे. सगळे प्राणी पाहण्याचा आग्रह नको. २०१६ साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन, वाघ आणि एखादा मोठा पक्ष्यांचा पिंजरा पाहून झाला की दोन-अडीच तासांत बाहेर पडा. जेवण, मग खोलीवर किमान दीड तास झोप. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याजवळ फेरफटका. कठड्यावर मूल बसवताना एका मोठ्या माणसाने त्याला धरूनच ठेवावे, आणि भरतीच्या वेळी खडकांकडे उतरू नये.

*तिसरा दिवस:* सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे मुलांसाठी वेगळे संग्रहालय आहे आणि आवारही मोकळे आहे. तीन वर्षांच्या मुलाला एक-दोन दालने पुरतात. जेवून परतीची गाडी.

घरात पाच वर्षांहून मोठे भावंड असेल तर संग्रहालयाऐवजी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र घेता येईल. तिथे हात लावून पाहण्यासारखे बरेच असते. शक्य असल्यास एक पालक मोठ्यासोबत आणि दुसरा धाकट्यासोबत, अशी विभागणी करा. आजी-आजोबा बरोबर असतील तर दुपारची विश्रांती त्यांनाही हवीच असते. बेस्टच्या डबलडेकर बसचा वरचा मजला हीसुद्धा मुलांसाठी एक सहलच असते, आणि ती बसल्या जागी होते.

स्ट्रोलर बागेत आणि संग्रहालयात उपयोगी पडतो. फुटपाथवर आणि पुलाच्या पायऱ्यांवर त्याचे ओझे होते. दोन वर्षांखालील बाळासाठी पोटाशी बांधायचा कॅरिअर अधिक सोयीचा.

बाहेरचे खाणे: काय चालेल, काय नको?

बाहेरचे सगळेच वाईट नसते. समोर शिजलेले आणि गरम असलेले अन्न बहुधा सुरक्षित असते.

- *चालेल:* गरम वरण-भात, इडली, साधा डोसा, खिचडी, सोलून खायचे केळे, कढईतून नुकताच काढलेला बटाटेवडा.
- *नको:* वड्याबरोबरची ओली चटणी, पाणीपुरीचे पाणी, बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस, आधी कापून ठेवलेली फळे.
- *पाणी:* उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतले.
- *घशात अडकणारे पदार्थ:* चौपाटीवरचे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतात. द्राक्षे उभी चिरून द्या.

खाण्यापूर्वी आणि शौचानंतर हात साबण-पाण्याने धुवा. हात मळलेले असतील तर सॅनिटायझर नीट काम करत नाही. म्हणून पिशवीत कागदी साबण ठेवा.

जुलाब झाले तर

जुलाबात खरा धोका शरीरातले पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो. त्यामुळे पहिल्या पातळ शौचापासूनच ओआरएस सुरू करा. प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिली आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि चमच्याने हळूहळू पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नका.

प्रवासात एक चूक वारंवार होते. मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते, पण हाताशी अर्ध्या लिटरची बाटली असते आणि सगळे पाकीट त्यातच ओतले जाते. असे घट्ट द्रावण बाळाच्या रक्तातील क्षार वाढवून घातक ठरू शकते. त्यामुळे पाकिटावरचे माप वाचा, किंवा २०० मिलीची छोटी पाकिटे सोबत ठेवा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, हेही पाहा. फळांच्या चवीचे गोड पेय हे ओआरएस नव्हे. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या.

पाकीट मिळालेच नाही, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून द्या.

ताप आला तर

पॅरासिटामॉलचा एक डोस दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम असतो. दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचे अंतर ठेवा आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस देऊ नका. मात्र बाजारात औषधाची तीव्रता वेगवेगळी असते. उदाहरणार्थ, १० किलोच्या बाळाला लागतात १५० मिलिग्रॅम:

- ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमचे सिरप: सुमारे ६ मिली
- ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅमचे सिरप: ३ मिली
- १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅमचे थेंब: १.५ मिली

अनोळखी दुकानातून वेगळी बाटली घेतली आणि ‘नेहमीचे ५ मिली’ दिले, तर डोस कमी-जास्त होतो. म्हणून घरचीच बाटली सोबत घ्या आणि मुलाचे आताचे वजन मोबाइलमध्ये लिहून ठेवा. सर्दी-खोकल्याची मिश्र औषधे चार वर्षांखालील मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका.

गर्दीत मूल हरवू नये म्हणून

- रोज सकाळी निघताना मुलाचा मोबाइलवर फोटो काढा. त्या दिवशीचे कपडे त्यात दिसतात.
- मनगटाच्या पट्टीवर किंवा खिशातल्या चिठ्ठीवर तुमचा फोन नंबर लिहा.
- ‘मूल कोणाकडे आहे?’ हे दर वेळी बोलून ठरवा. चार मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतो आहे.
- मूल दिसेनासे झाले तर वेळ न घालवता सुरक्षारक्षकाला सांगा आणि ११२ किंवा १०९८ वर फोन करा.

लगेच डॉक्टरांकडे कधी न्यावे?

सहल अर्धवट टाकावी लागली तरी पुढील लक्षणांत थांबू नका:

- तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप
- सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे
- मूल सुस्त पडणे, उठवूनही नीट जागे न होणे
- काहीही पोटात न टिकणे, शौचातून रक्त पडणे, हिरवी उलटी
- जोरात श्वास, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे
- झटका येणे
- उन्हातून आल्यावर अंग तापलेले आणि मूल गोंधळलेले असणे

मुक्कामाजवळचे, मुलांना दाखल करून घेणारे रुग्णालय निघण्याआधीच शोधून ठेवा. रात्री दोन वाजता अनोळखी गल्लीत ते शोधणे अवघड जाते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

थोडक्यात

दिवसाला एक ठिकाण, दुपारी झोप, गरम जेवण, दर अर्ध्या तासाने पाणी आणि पिशवीत ओआरएस. एवढे पाळले तर यादीतली चार ठिकाणे राहतील, पण मूल हसत घरी येईल. राहिलेली ठिकाणे पुढच्या सुट्टीत पाहता येतात. तीन वर्षांच्या मुलाला गेटवे पाहिला की नाही याचे काही वाटत नाही. पेंग्विन पाण्यात कसा उडी मारतो, हे मात्र ते महिनाभर सगळ्यांना करून दाखवते.