मुख्यालयाच्या तंबूमागची माणसे

गेल्या महिन्यात न्यायालयाच्या आवारात एक तरुणी आम्हाला भेटायला आली. "जयभीम सर" म्हणून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडीवर फाटलेला एक कागद काढला. तो तिच्या पणजोबांचा 1946 सालचा सैन्यातून सुटकेचा दाखला होता. नाव, गाव, नोंदणी क्रमांक, ब्रह्मदेशातील सेवा आणि युनिटच्या रकान्यात 'डिव्हिजन मुख्यालय, डिफेन्स अँड एम्प्लॉयमेंट प्लाटून' असे लिहिलेले. पुढच्या रकान्यात एकच शब्द होता : स्वीपर.

वस्तीतील जयंती समितीने 'आपले सैनिक' असा फलक करायचे ठरवले होते. हिने पणजोबांचा फोटो नेऊन दिला, तेव्हा समितीतील एक ज्येष्ठ म्हणाले, "तो झाडूवाला होता. सैनिकांच्या ओळीत कसा लावणार?" असे म्हणणारे सवर्ण नव्हते, आपलेच होते. म्हणून ती विचारायला आली होती, "सर, पणजोबा सैनिक होते की नव्हते?"

प्रश्न सरळ आहे, पण उत्तर देण्यापूर्वी ही प्लाटून काय भानगड होती ते समजून घेतले पाहिजे. लढाईचा इतिहास लिहिणारे सेनापतींची नावे लिहितात, पलटणींची नावे लिहितात, पण सेनापतीच्या तंबूमागे कोण उभे होते ते लिहीत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि ब्रिटिश-भारतीय सैन्याची डिव्हिजन म्हणजे दहा-पंधरा हजार माणसांचा पसारा. त्याचे मुख्यालय म्हणजे एकटा जनरल नव्हे. लढाईचे नियोजन करणारे अधिकारी, रसद आणि माणसांचा हिशोब ठेवणारे अधिकारी, कारकून, नकाशेवाले, बिनतारी संदेश यंत्रणा, मोटारचालक, लष्करी पोलीस, आचारी, अर्दली असे एक फिरते गावच ते. बहुधा त्याचे दोन भाग असत. लढाई चालवणारा मुख्य भाग पुढे, आणि रसद व कागदपत्रे सांभाळणारा भाग मागे. आघाडी सरकली की हे गाव एका रात्रीत उठून दुसरीकडे बसवावे लागे.

या गावाचा पाटील म्हणजे 'कॅम्प कमांडंट'. जागा निवडणे, तंबू लावणे, खंदक खणणे, भोजनगृह, गाड्या, पाणी, संडास आणि पहारा हे सारे त्याच्याकडे. त्याच्या हाताखाली जी प्लाटून असे तीच ही 'डिफेन्स अँड एम्प्लॉयमेंट'. नावातच दोन कामे आहेत : रक्षण आणि राबणे. लढाऊ पायदळाची प्लाटून म्हणजे साधारण तीन सेक्शन, प्रत्येकी दहाएक माणसे, प्रत्येक सेक्शनला एक ब्रेनगन. भारतीय पलटणीत तिचा नायक बहुधा जमादार किंवा सुभेदार. मुख्यालयाच्या प्लाटूनला पहारा, गस्त आणि अधिकाऱ्यांसोबत संरक्षक म्हणून जाणे हे काम होतेच, शिवाय ओझी उतरवणे, खड्डे खणणे, छावणी झाकणे हेही होते. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात फावडे.

याच्या आणखी खाली एक थर होता. आचारी, भिस्ती, धोबी, मोची, न्हावी आणि स्वीपर. इंग्रजी कागदांत त्यांना 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे अनुचर. मागून चालणारे. त्यांत काही रीतसर नोंदणी झालेले, काही बिननोंदणीचे. पगार शिपायापेक्षा कमी, बढतीची वाट जवळजवळ बंद. या थराची वाटणी कशी होती हे आपल्या वाचकांना सांगायला नको. स्वयंपाकाचे भांडे एकाच्या हातात, संडासाची बादली दुसऱ्याच्या. गोऱ्या साहेबाने आणलेल्या लष्करी शिस्तीत मनूची शिस्त बेमालूम मिसळली, आणि दोघांनाही ती सोयीची होती.

आता या प्लाटूनची परीक्षा कशी झाली ते पाहू. फेब्रुवारी 1944. ब्रह्मदेशाच्या आराकान भागात सातवी भारतीय डिव्हिजन लढत होती. जपानी सैन्य तिच्या बगलेतून मागे घुसले आणि 6 फेब्रुवारीच्या पहाटे धुक्यात थेट डिव्हिजनच्या मुख्यालयावरच चालून आले. आघाडीच्या पलटणी पुढे, आणि शत्रू जनरलच्या तंबूपाशी! पहारेकरी, संदेश यंत्रणेचे जवान, कारकून, सॅपर जे हाताला लागले ते घेऊन लढले. पण मुख्यालयाच्या रक्षणाची तुकडी चोर-टोळ्यांना आणि गस्ती हल्ल्यांना रोखण्याइतकी असते, चालून आलेल्या फौजेला रोखण्याइतकी नसते. मुख्यालय पडले. कागद आणि यंत्रे नष्ट करून माणसे लहान लहान गटांनी जंगलातून निघाली. मेजर जनरल फ्रँक मेसर्व्ही पायी चालत सिंझवेया येथील रसदतळावर पोहोचले.

हाच तो 'अ‍ॅडमिन बॉक्स'. दारूगोळा, धान्य, खेचरे, इस्पितळ यांचा हा तळ लढाईसाठी बांधलेलाच नव्हता. ब्रिगेडियर जेफ्री इव्हान्स यांनी त्याचे रक्षण हाती घेतले आणि पायदळाबरोबर कारकून, खेचरवाले, भांडारवाले यांनाही वेढ्याच्या कडेवर बसवले. 7 फेब्रुवारीच्या रात्री जपान्यांनी इस्पितळात घुसून रुग्ण व डॉक्टरांची कत्तल केली. तरीही विमानातून टाकलेल्या रसदीवर आणि रणगाड्यांच्या आधारावर हा तळ फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत टिकला. जनरल स्लिम यांनी आधीच बजावून ठेवले होते की जंगलातील युद्धात बिनलढाऊ असा कोणी नसतो. प्रत्येक युनिटने, इस्पितळानेसुद्धा, आपले रक्षण आपणच करायचे. पुढे भारतीय डिव्हिजनांत मुख्यालयाच्या रक्षणाला अख्खी पलटण देण्याची पद्धत आली.

म्हणजे शत्रू दारात आला तेव्हा 'बिनलढाऊ' हा शब्द पुसला गेला. मग पगाराच्या पुस्तकात तो पुन्हा कोणी लिहिला?

याच मेसर्व्हींची आणखी एक हकीकत आम्हाला फार आवडते. मे 1942 मध्ये लिबियाच्या वाळवंटात जर्मनांनी त्यांचे मुख्यालय काबीज केले आणि ते पकडले गेले. त्यांनी खांद्यावरची चिन्हे काढून फेकली आणि आपण साधे अर्दली आहोत असे भासवले. अर्दलीकडे कोण लक्ष देतो? संधी मिळताच ते निसटले. जनरलचे प्राण अर्दलीच्या अदृश्यतेने वाचवले! ती अदृश्यता त्यांना काही तासांपुरती लागली. आपल्या माणसांना ती जन्मभर पुरली.

हे दुसऱ्या महायुद्धातच घडले असे नाही. पहिल्या महायुद्धात भारतातून भरती झालेल्या सुमारे 14 लाख माणसांपैकी साडेपाच लाखांहून अधिक बिनलढाऊ होती. त्यांतला सुखा नावाचा एक सफाई कामगार जानेवारी 1915 मध्ये इंग्लंडमधील ब्रॉकनहर्स्टच्या भारतीय इस्पितळात मरण पावला. सांगतात ते असे की, अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन नाकारले आणि मुसलमान नाही म्हणून त्यांच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. शेवटी तेथील धर्मगुरूने त्याला आपल्या चर्चच्या आवारात पुरले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला. असा दगड किती जणांच्या वाट्याला आला? राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीनेच 2021 मध्ये कबूल केले की, पहिल्या महायुद्धातील किमान 1,16,000 मृतांची, विशेषतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील, नावानिशी किंवा अजिबातच स्मृती राखली गेली नाही.

येथे आपला इतिहास आठवावा. 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती थांबली. 1917 मध्ये गरज पडली म्हणून 111 वी महार पलटण उभारली आणि 1921 मध्ये मोडली. जुलै 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. बाबासाहेबांचा आग्रह रायफलीचा होता, आणि त्याचे कारण तंबूमागच्या या थरात आहे. रायफल नसलेल्याला सैन्य घेत नव्हते असे नाही. बादलीसाठी ते नेहमीच घेत होते.

आता कायद्याचे बोलू. 1911 च्या भारतीय सैन्य कायद्याने रणभूमीवर सैन्याबरोबर असलेल्या अनुचरालाही लष्करी कायद्याखाली आणले होते. 1950 च्या कायद्याच्या कलम 2 मध्येही ती तरतूद आहे. शिस्तीसाठी तो सैन्याचा, मानासाठी मात्र बाहेरचा. उलट, 1979 च्या केंद्रीय नियमांतील माजी सैनिकाच्या व्याख्येत 'लढाऊ असो वा बिनलढाऊ' असे स्पष्ट शब्द आहेत. अर्थात तेथे भारतीय संघराज्याच्या सैन्यातील सेवा अभिप्रेत आहे, 1946 ला सुटलेल्याला त्याचा थेट लाभ नाही, हे आम्ही त्या मुलीला लपवून ठेवले नाही. पण स्वतंत्र भारताच्या कायद्याने बिनलढाऊ माणसाला सैनिक मानले असेल, तर आपल्या वस्तीच्या समितीला अडचण काय?

आणि हा थर संपला आहे, असे कोणी समजू नये. 2022 पासून सुरू झालेल्या अग्निवीर भरतीत आठवी पास ट्रेड्समनसाठी जी कामे आहेत ती हाउसकीपर आणि मेसकीपरची. सफाईवाल्याचे नाव बदलले. त्या रांगेत कोणाची मुले उभी आहेत, ते भरतीच्या मैदानावर जाऊन पाहावे.

तो दाखला आम्ही दोनदा वाचला. नोंदणी क्रमांक आहे, म्हणजे माणूस रीतसर भरती झालेला होता. बाजारातून रोजाने धरून आणलेला नव्हता. हे आम्ही तिला अर्ध्या पानात लिहून दिले आणि रविवारच्या समितीच्या बैठकीला स्वतः येतो म्हणालो. फोटोखाली काय लिहू, असे तिने विचारले. नाव, क्रमांक, प्लाटूनचे पूर्ण नाव आणि ब्रह्मदेश, असे आम्ही सांगितले.

"आणि स्वीपर?"

"तेही लिहा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग कागद पुन्हा पिशवीत ठेवू लागली. लॅमिनेशन करू नका, शाई जाते, एवढे तिला बजावून आम्ही पुढच्या पुकाऱ्याला गेलो.