उत्तनचा डोंगर आणि टेहळणीची विद्या

वसईची खाडी जेथे समुद्रास मिळते, तेथे उत्तर तीरावर वसईचा कोट व दक्षिणेस उत्तन-चौक परिसरातील डोंगर समोरासमोर उभे आहेत. या दक्षिणेकडील भूभागास धारावी बेट असे जुने नाव आहे. मुंबईतील धारावीशी त्याची गल्लत करू नये. चौक येथील धारावी किल्ल्याचे अवशेष पाहिले असता हा किल्ला लहानसा वाटतो, आणि 1737 ते 1739 या काळात मराठे व पोर्तुगीज यांनी त्यासाठी इतके झगडावे कशासाठी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर तटबंदीच्या बळात नाही, तेथून जे दिसते त्यात आहे. वसईस समुद्रमार्गे जाणारी रसद या डोंगराच्या नजरेखालूनच जात असे.

सैन्याच्या परिभाषेत टेहळणी आणि पाळत ही दोन भिन्न कामे आहेत. टेहळणी करणारा जाऊन, पाहून परततो. त्यास ठराविक प्रश्नाचे उत्तर आणावयाचे असते. पाळत ठेवणारा एका जागी बसून बदल टिपतो. काल तीन गलबते होती, आज पाच आहेत, ही बातमी कालची मोजदाद असल्याखेरीज उपजतच नाही. म्हणून पाळतीस चिकाटी लागते, तर टेहळणीस वाट ठाऊक असावी लागते.

वाट ठाऊक असणे म्हणजे काय, हे साष्टीच्या मोहिमेत उत्तम दिसते. 1737 साली मराठे ठाण्याची खाडी उतरून साष्टीत शिरले, तेव्हा ठाण्याचा पोर्तुगीज कोट पुरा बांधून झालेला नव्हता. अशी बातमी कितीही मौल्यवान असली तरी तिचे मोल वेळेवर अवलंबून असते. बांधकाम पुरे होताच ती निरुपयोगी ठरते. ‘साष्टीची बखर’ या कामी भिवंडीजवळच्या अंजूर येथील गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांस मोठे श्रेय देते. बखरीत त्या घराण्याची बाजू ठळक आहे, हे ध्यानात घेऊनच ती वाचावी. तरीही खाडीकाठच्या माणसांवाचून परमुलखातील फौजेस हा प्रदेश उलगडला नसता, हे मान्य करावे लागते.

याचे कारण भरती-ओहोटीत आहे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याच्या चढउतारातील अंतर मुंबईच्या किनाऱ्यावर 4 मीटरांहूनही अधिक होते. सकाळी जेथे मचवा तरंगतो तेथे दुपारी गुडघाभर चिखल असतो. चिखल कोठे माणूस पेलतो आणि कोठे गिळतो, हे नकाशात नसते. तेव्हा खाडीच्या मुलखात टेहळणीस जाणाऱ्या तुकडीचा पहिला प्रश्न शत्रू किती हा नसून पाणी केव्हा व किती, हा होय.

डोंगरावरील चौकीचे गणित निराळे. 50 मीटर उंचीवरून समुद्राचे क्षितिज सुमारे 25 किलोमीटरांवर असते. होडीत उभ्या असलेल्या माणसास ते जेमतेम 5 किलोमीटरांवर दिसते. म्हणजे डोंगरावरील दोघे-चौघे जे पाहतात, ते समुद्रावर अनेक होड्या फिरवूनही पाहता येणे कठीण. तुकडी लहान ठेवण्याचे कारणही हेच: माणसे वाढली की धूर, पायवाटा व आवाज वाढतात, पाण्याच्या फेऱ्या वाढतात, परंतु दृष्टी मात्र वाढत नाही. तथापि एकटा माणूसही पुरत नाही. एकाग्र पाहण्याने डोळे लवकर शिणतात, म्हणून पाळी बदलावी लागते. शिवाय एक जण बातमी घेऊन निघाला तर चौकी उघडी पडू नये. भारतीय पायदळाच्या पलटणीतील सुमारे वीस जणांचे ‘घातक’ पथकही या कामी आणखी लहान गटांत विभागता येते.

बातमी आणणे जितके कठीण, तितकेच ती नेमकी सांगणे कठीण. काय पाहिले, कोठे, केव्हा, कोणत्या दिशेने जाताना, आणि स्वतः पाहिले की ऐकले, या शेवटच्या भेदाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वसईच्या वेढ्यात बुरुजाखाली सुरुंग खणणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न अशाच तपशिलांवर होता. मे 1739 मध्ये कोट पडला तोवर दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने कामी आली होती.

उत्तनच्या किनाऱ्यावर पाळतीचे काम आजही संपलेले नाही. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर चालून आलेले हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले होते. अर्थात त्यांनी निवडलेले सोंग मच्छीमाराचेच होते. त्यानंतर मच्छीमारांस ओळखपत्रे देण्यात आली, नौकांना रंगखुणा ठरविण्यात आल्या, आणि ‘सागर कवच’ नावाने सराव होऊ लागले. उत्तनला सागरी पोलीस ठाणे आहे. परंतु अनोळखी नौका ओळखावयाची तर ओळखीच्या नौकांची सवय असावी लागते: कोणती नौका कोणत्या हंगामात कोठे जाळे टाकते, तिचे यंत्र कसे वाजते, तिच्यावर साधारण किती खलाशी असतात. उत्तनच्या कोळ्यांना ही माहिती शिकविण्याची गरज नाही. त्यांच्याकडून ती कशी मिळवावी व मिळताच कोणाकडे पोचवावी, इतकाच प्रश्न उरतो.