जोखमीचा हिशेब – भाग ९ : ९७ मेल आणि आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२, बुधवार. न्यूयॉर्कचा शेअर बाजार सकाळी साडेनऊला उघडतो. नाइट कॅपिटल ही तेव्हाची अमेरिकेतली बडी दलाली कंपनी. तिच्या एका अंतर्गत प्रणालीने त्या दिवशी आठ वाजून एक मिनिटापासूनच कर्मचाऱ्यांच्या एका गटाला मेल पाठवायला सुरुवात केली. सगळ्या मेलमध्ये एकाच त्रुटीचा उल्लेख होता : ‘पॉवर पेग डिसेबल्ड’. बाजार उघडेपर्यंत असे ९७ मेल गेले. त्यानंतरच्या पाऊण तासात कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

मागच्या भागात आपण जोखमींची नोंदवही कशी ठेवतात ते पाहिलं. जोखीम ओळखून लिहून ठेवली की ती आटोक्यात आली, असा समज बऱ्याच कंपन्यांत असतो. नाइट कॅपिटलची हकिकत या समजाला उभा छेद देते. अमेरिकेच्या बाजार-नियामकाने, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात या घटनेची बारीकसारीक चिरफाड आहे. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने तो आदेश एकदा तरी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

घडलं ते असं. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज त्या दिवशी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होतं. तिच्यासाठी नाइटने ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या आपल्या प्रणालीत नवा कोड घातला. हा कोड चालू करायला त्यांनी एक जुना फ्लॅग, म्हणजे सुविधा चालू-बंद करणारी खूण, वापरला. पूर्वी तो फ्लॅग पॉवर पेग नावाच्या सुविधेचा होता. ती सुविधा २००३ पासून वापरात नव्हती, पण तिचा कोड कोणी काढून टाकला नव्हता. नवा कोड घालताना जुना काढायचा, असं ठरलं होतं. सर्व्हर होते आठ. २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने काम झालं आणि आठव्या सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहून गेला. बंद पडलेल्या गीझरचं बटण नव्या पंख्याला जोडावं आणि आठ खोल्यांपैकी एका खोलीत त्या बटणामागे गीझरच राहावा, तशी गत झाली.

त्यातून या गीझरचा थर्मोस्टॅटही निकामी झालेला होता. मोठी ऑर्डर लहान लहान तुकड्यांनी बाजारात पाठवायची आणि ठरलेले शेअर मिळाले की थांबायचं, ही पॉवर पेगची रीत. किती शेअर मिळाले हे मोजणारा भाग २००५ मध्ये प्रणालीत दुसऱ्या ठिकाणी हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग चालतं का, हे कोणी तपासलं नाही. वापरातच नसलेली गोष्ट कोण तपासणार? म्हणून १ ऑगस्टला आठवा सर्व्हर जागा झाला तेव्हा त्याला कुठे थांबायचं तेच कळेना. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरपोटी त्याने लाखो ऑर्डर सोडल्या. १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाख व्यवहार झाले, ३९.७ कोटींहून अधिक शेअरची खरेदी-विक्री झाली. नको असलेली सुमारे ३५० कोटी डॉलरची खरेदी आणि ३१५ कोटींची विक्री कंपनीच्या गळ्यात पडली.

आठ सर्व्हरपैकी एक राहणं ही माणसाच्या हातून होणारी चूक आहे. पुण्यात, हैदराबादेत रात्रपाळीला बसून परदेशी बँकांचे रिलीज सांभाळणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती चांगली ठाऊक असेल. दुसऱ्या माणसाने पडताळणी करावी, असा लेखी नियम नाइटमध्ये नव्हता. पण माझ्या मते खरा धोका याहून पुढच्या टप्प्यावर होता.

हे सगळे अनाहूत व्यवहार जमा होत होते ते ‘३३’ क्रमांकाच्या खात्यात. त्या खात्याला २० लाख डॉलरची मर्यादा ठरवलेली होती. म्हणजे जोखीम ओळखली गेली होती, तिचा आकडाही ठरला होता. मात्र ही मर्यादा ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेशी जोडलेलीच नव्हती. मर्यादा ओलांडल्यावर ऑर्डर आपोआप थांबाव्यात, अशी सोयच नव्हती. व्यवहारांवर लक्ष ठेवायला एक पडदा होता. त्यावर खात्याची मर्यादा दिसत नसे, ती पाहणाऱ्याच्या लक्षात असावी लागे. तो पडदा स्वतःहून इशारा देत नसे आणि व्यवहार वाढले की मागे पडे. ज्या घटकेला त्याची सर्वाधिक गरज, त्याच घटकेला तो मंद!

आणि ते ९७ मेल? ते धोक्याचा इशारा म्हणून योजलेलेच नव्हते. असे मेल आले की लगेच उघडून पाहायची पद्धत नव्हती. गटाला गेलेला मेल कोणा एकाचा नसतो.

बाजार उघडल्यावर गोंधळ लक्षात आला, तेव्हा आणीबाणीत काय करायचं याची लेखी पद्धत हाताशी नव्हती. तंत्रज्ञ चालू बाजारातच दोष शोधत राहिले. त्यांना नव्या कोडचा संशय आला, म्हणून तो ज्या सात सर्व्हरवर नीट बसला होता तिथूनही त्यांनी काढून टाकला. झालं, तिथेही फ्लॅगमागे जुनाच कोड उरला आणि त्या सातांवरचा पॉवर पेगही जागा झाला. रोलबॅक, म्हणजे आधीच्या कोडवर परत जाणं, हा आपल्याकडे हुकमी उपाय मानला जातो. परत जायची जागा सुरक्षित आहे का, हे रिलीजच्या आधी शांत डोक्याने तपासलेलं नसेल तर रोलबॅकही नवीच जोखीम ठरते.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती आदेशातली एक आधीची नोंद. ऑक्टोबर २०११ मध्ये नाइटने शनिवार-रविवारी आपत्ती-निवारणाची चाचणी घेतली होती. चाचणीतला खोटा डेटा तसाच राहिला आणि सोमवारी त्याच डेटावरून बाजारात भाव गेले. सुमारे ७५ लाख डॉलरचं नुकसान झालं. कंपनीने काय केलं? त्या विभागापुरते काही बदल केले आणि चेकलिस्टमध्ये चाचणीचा डेटा तपासण्याची एक बाब वाढवली. ते भोक बुजलं. पण चुकीच्या ऑर्डर बाहेर पडायला लागल्या तर कंपनीत त्या कोण अडवणार, कुठे अडवणार, हा व्यापक प्रश्न तसाच राहिला. दहा महिन्यांनी त्याच प्रश्नाने कंपनीला गाठलं.

दोन दिवसांत नाइटच्या शेअरचा भाव सुमारे तीन-चतुर्थांशाने कोसळला. ४० कोटी डॉलरची बाहेरची मदत घेऊन कंपनी तगली आणि २०१३ मध्ये गेटको या कंपनीत विलीन झाली. नियामकाने १.२ कोटी डॉलरचा दंड केला. नियंत्रणं नियमाबरहुकूम आहेत, असं मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने दरवर्षी प्रमाणित करावं, अशी नियमाची अट होती. नाइटच्या २०१२ च्या प्रमाणपत्रात नियमपालनासाठी प्रक्रिया आहेत एवढंच म्हटलं होतं आणि नियामकाने ते अपुरं ठरवलं. आठवा सर्व्हर ज्याच्या हातून राहिला, त्या तंत्रज्ञाचं नाव मात्र आदेशात कुठेही नाही. दंड झाला तो कंपनीला, आणि मला ते योग्य वाटतं.

पुढच्या आठवड्यात ब्रिटनच्या टीएसबी बँकेकडे वळू. एप्रिल २०१८ मध्ये तिने सगळ्या ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर हलवली आणि लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना.