जुना कॅमेरा की नवा : एका प्रश्नाची सतरा वर्षे

नवशिक्याने जुना डीएसएलआर घ्यावा की नवा, हा प्रश्न 2003 पासून 2020 पर्यंत मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजारात, लग्नाची कामे घेणाऱ्या छायाचित्रकारांच्या बैठकांत आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर ज्या शब्दांत विचारला गेला, ते शब्द या सर्व मुदतीत जवळजवळ जसेच्या तसे राहिले. त्याचे खरे उत्तर मात्र याच मुदतीत दोन वेळा पालटले, आणि गंमत अशी की, सल्ला देणाऱ्या जाणकार मंडळींपैकी पुष्कळांना त्या पालटाची वार्ता उशिरा लागल्यामुळे पहिल्या कालखंडातील उत्तर दुसऱ्यात आणि दुसऱ्यातील तिसऱ्यात सांगण्याचा परिपाठ बिनतक्रार चालू राहिला.

2003 पूर्वी हा प्रश्न सामान्य माणसाच्या वाटेला आलाच नव्हता. 1991 साली कोडॅकने निकॉनच्या एफ3 या फिल्मच्या कॅमेऱ्याला 1.3 मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून जे यंत्र विक्रीस काढले, त्याची चित्रे साठविण्याकरिता खांद्याला निराळी पेटी अडकवावी लागे, आणि त्याची किंमत वृत्तसंस्थांखेरीज इतरांनी ऐकून सोडून द्यावी अशी होती. 1999 चा निकॉन डी1 एकसंध आणि सुटसुटीत खरा, पण 2.7 मेगापिक्सेलच्या त्या कॅमेऱ्यालाही सुमारे 5,000 डॉलर मोजावे लागत. ज्याच्यापाशी एवढी रक्कम आहे तो नवशिका नसतो, आणि जो नवशिका आहे तो फिल्मचे रोल धुवून घेण्यात समाधानी असतो, अशी एक प्रकारची नैसर्गिक व्यवस्था तोवर नांदत होती.

ती व्यवस्था ऑगस्ट 2003 मध्ये कॅननच्या 300डी या कॅमेऱ्याने मोडली. 6.3 मेगापिक्सेलचा, रुपेरी प्लॅस्टिकच्या अंगाचा, हातात घेतल्यावर किंचित पोकळ भासणारा हा कॅमेरा केवळ बॉडीपुरता 899 डॉलरला, म्हणजे त्या काळच्या विनिमयदराने जकात वगळता 40,000 रुपयांच्या आसपास, मिळू लागला. आणि हजार डॉलरची जी मर्यादा तोवर अलंघ्य मानली जात असे ती ओलांडली गेली. त्याच वर्षी काही महिने अगोदर आलेल्या, 1,499 डॉलर किमतीच्या 10डी या वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यातील चित्रे आणि 300डीची चित्रे शेजारी शेजारी मांडली असता फरक दाखविणे कठीण जाई, कारण दोहोंचा सेन्सर एकाच जातीचा होता. फरक होता तो अधिकारांचा. पुढे काही खटपट्या मंडळींनी कंपनीच्या परवान्याविना 300डीच्या अंतर्गत प्रणालीत फेरफार करून 3200 आयएसओसारख्या 10डीच्या काही सोयी त्यात जागृत करून दाखविल्या, तेव्हा उघड झाले की यंत्राच्या अंगी सामर्थ्य होते, केवळ ते वापरण्याची मुभा नव्हती. कचेरीतील कारकुनाच्या बुद्धीत काही उणे नसतानाही सहीचा अधिकार मामलेदाराकडेच राहावा, त्यातलाच हा प्रकार. ही वर्गवारी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण जुन्या-नव्याच्या वादात खरा तंटा पुष्कळदा वयाचा नसून दर्जाचा असतो.

असे असले तरी 2003 ते 2008 या पहिल्या कालखंडात उत्तर सरळ होते : ऐपत असेल तर नवा घ्यावा. त्याचे कारण फॅशन नव्हे, प्रकाश. गणपतीच्या आरासीतला मंद उजेड, देवळातले कीर्तन, मंगल कार्यालयातील पिवळट दिवे, अशा ठिकाणी फ्लॅशविना चित्र घ्यावयाचे तर आयएसओ 1600 च्या घरात न्यावा लागतो. आणि या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत तेथवर पोहोचेपर्यंत चित्राच्या सावल्यांत रंगीत कणांची अशी रेलचेल होई की चेहऱ्याची कातडी आणि भिंतीचा गिलावा यांत भेद राहू नये. 2007 साली निकॉनच्या डी3 ने 6400 आयएसओपर्यंतची चित्रे वापरण्याजोगी ठरविली, आणि पुढल्याच वर्षी डी90 ने त्या क्षमतेचा बराचसा अंश सामान्यांच्या आवाक्यात आणला. शिवाय चलच्चित्रण करणारा पहिला डीएसएलआर हा मानही त्याने मिळविला. अवघ्या पाच वर्षांत एवढी मजल गाठली जात असताना तीन वर्षांपूर्वीचा कॅमेरा स्वस्तात मिळतो म्हणून उचलणे, हे काटकसरीचे दिसले तरी किफायतीचे नव्हते. जुन्या कॅमेऱ्यांची किरकोळ अडचणही कमी नव्हती : 2005 च्या निकॉन डी50 ला 2 गीगाबाइटहून मोठे कार्ड चालत नसे, आणि 300डीचा पडदा जेमतेम 1.8 इंचांचा असल्यामुळे घेतलेले चित्र फोकसमध्ये आहे की नाही याचा निकाल घरी संगणकापाशी बसल्यावरच लागे.

मात्र या सरळ उत्तराला त्याच कालखंडात एक अपवाद निर्माण झाला, आणि त्यात सापडलेल्या नवशिक्यांची संख्या थोडी नव्हती. निकॉनने 1959 पासून लेन्स बसविण्याची एकच खोबण कायम राखली, हा त्या कंपनीच्या अभिमानाचा विषय. पण 1986 नंतरच्या पुष्कळशा ऑटोफोकस लेन्सना स्वतःची मोटर नव्हती, त्या कॅमेऱ्याच्या अंगातील मोटरवर एका लहानशा दांडीच्या द्वारे चालत. नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या डी40 या स्वस्त, हलक्या आणि सर्वार्थाने देखण्या कॅमेऱ्यातून ही मोटर काढून टाकण्यात आली. आता नवशिक्याचा क्रम असा ठरलेला असे : प्रथम 18-55 ची किट लेन्स, मग कोणीतरी सांगितल्यावरून पन्नास मिलिमीटरची 1.8 छिद्राची स्वस्त लेन्स, कारण एवढ्या पैशांत एवढा प्रकाश दुसरी कोणतीही लेन्स देत नाही. ती लेन्स डी40 ला बसे, चित्रही उत्तम उमटे, परंतु फोकस मात्र हाताने फिरवावा लागे. आणि ज्या डी50 किंवा डी70 कडे जुना म्हणून त्याने पाठ फिरविली होती, त्यावर तीच लेन्स क्षणात फोकस साधी. कॅननच्या गिऱ्हाइकाला ही चिंता नव्हती, कारण 1987 मध्ये त्या कंपनीने आपली जुनी खोबण बडतर्फ करून ईएफ ही नवी आणली तेव्हाच प्रत्येक लेन्सच्या अंगी मोटर बसविण्याची तजवीज केली होती. त्या वेळी जुन्या लेन्सच्या मालकांनी कंपनीला काय काय शब्द बहाल केले असतील याची कल्पना करवते. पण वीस वर्षांनंतर त्या कठोर निर्णयाचे फळ नवशिक्यांना मिळाले, आणि निकॉनची परंपरानिष्ठा नवशिक्यांना महाग पडली. 2009 मध्ये 35 मिलिमीटरची आणि 2011 मध्ये पन्नासची, अशा स्वतःची मोटर असलेल्या 1.8 च्या लेन्स निकॉनने काढल्या, तेव्हा कुठे ही तक्रार शमली.

2009-10 च्या सुमारास वारे फिरले. कॅननने 7डी या वरच्या दर्जाच्या कॅमेऱ्यासाठी 2009 साली काढलेला 18 मेगापिक्सेलचा सेन्सर 2010 मध्ये 550डी आणि 60डी यांत आला. मग अल्पस्वल्प फेरफारांनिशी 600डी, 650डी, 700डी आणि 1200डी यांतही 18 मेगापिक्सेलचेच माप कायम राहिले, आणि 2018 च्या 4000डीतही तेवढेच मेगापिक्सेल होते. त्या शेवटच्या मॉडेलची लेन्सची कडी तर धातूची जाऊन प्लॅस्टिकची झाली होती. आकडे वाढत होते, चित्र जेथल्या तेथे होते. पडदा वळू लागला, बोटाच्या स्पर्शाला उत्तर देऊ लागला, या सोयी खऱ्याच. पण मंगल कार्यालयातील पिवळ्या दिव्याखाली 2010 च्या 550डीने आणि 2014 च्या 1200डीने घेतलेल्या चित्रांतून नवे कोणते हे ओळखण्याची पैज कोणी लावली नसती. नवेपणाची किंमत पूर्ववत आकारली जात होती. तिच्या मोबदल्यात मिळणारा माल मात्र आटला होता.

या दुसऱ्या कालखंडात, निदान 2016-17 पर्यंत, शहाणपणाचे उत्तर असे होते की, खालच्या दर्जाचा नवा घेण्यापेक्षा वरच्या दर्जाचा जुना घ्यावा. निकॉनचा 2010 चा डी7000 आणि 2012 चा डी3200 ही जोडी त्याचा उत्तम दाखला. डी3200 चे 24 मेगापिक्सेल डी7000 च्या 16 पेक्षा अधिक होते, आणि दुकानदार नेमके तेवढेच सांगत. दुकानदार जे सांगत नसत ते असे की, डी7000 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये घन काचेचा पंचकोनी लोलक असून चौकट शंभर टक्के दिसते, तर डी3200 मध्ये हलक्या आरशांनी काम भागविलेले असल्यामुळे चित्र लहान, अंधूक आणि कडेने थोडे कापलेले दिसते; की पहिल्यात फोकसची मोटर आहे, दुसऱ्यात नाही; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिल्यावर दोन चाके आहेत, दुसऱ्यावर एकच. छिद्र आणि शटरचा वेग या दोहोंचे परस्परसंबंध ज्याला अजून शिकावयाचे आहेत, त्याच्या अंगठ्याला एक आणि तर्जनीला एक चाक असले म्हणजे ते संबंध बोटांतून डोक्यात शिरतात. एकाच चाकावर बटण दाबून दोन्ही कामे करणाऱ्याला ते मेनूतील ओळींसारखे पाठ करावे लागतात. म्हणजे ज्या सोयीची नवशिक्याला सर्वाधिक गरज, तीच सोय नवशिक्यासाठी म्हणून काढलेल्या मॉडेलातून कंपन्यांनी नेमाने वगळली, हा या सर्व इतिहासातील मला कधीही न पटलेला न्याय होय. डी3200 च्या पक्षी एक गोष्ट निर्विवाद होती : त्याचे वजन. बॅटरी आणि कार्डासह 505 ग्रॅम विरुद्ध 780 ग्रॅम, हा फरक राजगडाच्या चढणीवर कोणत्याही मेगापिक्सेलपेक्षा लवकर समजतो.

याच सुमारास 2005 चा कॅनन 5डी वापरलेल्या स्थितीत नवशिक्याच्या ऐपतीत येऊ लागला, आणि 'फुल फ्रेम' या दोन शब्दांनी पुष्कळांची झोप उडविली. 12.8 मेगापिक्सेलचा तो मोठा सेन्सर आजही लाजू नये अशी चित्रे देतो हे मान्य. पण त्यात चलच्चित्रण नाही, आणि छोट्या सेन्सरच्या कॅननसाठी केलेल्या ईएफ-एस जातीच्या लेन्स त्याला बसतच नाहीत, त्यामुळे बॉडीवर वाचविलेले पैसे लेन्सच्या खाती दुप्पट जमा करावे लागत. नवशिक्यांना तो घेण्याची शिफारस करणारे लोक बहुधा स्वतःच्या जुन्या इच्छा दुसऱ्याच्या खर्चाने पुरवीत असावेत, असा माझा संशय आहे.

जुना घ्यावा, असे म्हणणे सोपे. जुना निवडणे सोपे नव्हे. आपल्याकडे वापरलेल्या कॅमेऱ्यांचा मोठा पुरवठा लग्नाच्या छायाचित्रकारांकडून होई. 12 बाय 36 इंचांच्या करिझ्मा अल्बमची रूढी पडल्यावर अधिक मेगापिक्सेलची मागणी त्यांना खरोखरच होती, म्हणून ते आपले कॅमेरे लवकर बदलीत. पण एका हंगामात हजारो चित्रे ओढलेल्या कॅमेऱ्याचे शटर किती चालले आहे, हे अंगावरच्या ओरखड्यांवरून कळत नाही. डी7000 चे शटर 1,50,000 वेळा चालण्याच्या कसोटीस उतरलेले होते, खालच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांत हा आकडा 1,00,000 च्या आसपास असे. निकॉनच्या चित्रासोबत शटर काउंट नोंदले जाई म्हणून त्याची खातरजमा करता येत असे, सामान्य कॅननच्या बाबतीत मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागे. त्याहून वाईट शत्रू म्हणजे फंगस. मुंबई, कोकण आणि गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सच्या काचांवर जाळीसारखी बुरशी धरते, तिचा आम्लांश काचेवरील लेप खातो, आणि मग ती साफ केली तरी डाग जात नाही. लेन्स उघड्यावर धरून मागून टॉर्चचा प्रकाश टाकल्याविना पैसे देऊ नयेत, हा बोरा बाजारातील जुन्या कारागिरांचा सल्ला कोणत्याही छापील परीक्षणापेक्षा मोलाचा आहे. घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल यांचा खर्च दोन-चारशे रुपयांचा. पण तो हिशेबात धरणारे थोडे.

दुसरा पालट निमूटपणे झाला. डीएसएलआरची जागतिक विक्री 2012 मध्ये सुमारे 1.6 कोटी नगांच्या शिखरावर होती. 2020 मध्ये ती 24 लाखांच्या आसपास उतरली आणि बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्यांनी तिला प्रथमच मागे टाकले. ऑगस्ट 2018 चा निकॉन डी3500 हा नवशिक्यांसाठीचा त्यांचा शेवटचा, 415 ग्रॅमचा गुणी कॅमेरा. 2020 च्या प्रारंभी निकॉनचे डी780 आणि डी6, तसेच कॅननचे 850डी आणि 1डीएक्स मार्क 3 आले, आणि त्यानंतर या दोन्ही घराण्यांत डीएसएलआरचा नवा वंशज जन्मला नाही. 2021 मध्ये के-3 मार्क 3 काढणाऱ्या पेन्टॅक्सची निष्ठा तेवढी अभंग राहिली. आता नवा असा पक्षच उरला नसल्यामुळे वाद उरला तो जुन्या-जुन्यातला, आणि तेथे आमच्या मते कॅमेऱ्याऐवजी लेन्सपासून विचार सुरू करणे योग्य : व्यावसायिक मंडळी मिररलेसकडे वळताना उत्तमोत्तम लेन्स बाजारात सोडून जात आहेत, म्हणून प्रथम लेन्स हेरावी आणि तिला साजेल तो निकॉनचा डी7200 किंवा कॅननचा 80डी मागाहून पाहावा. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर पूर्ण फोकससह चालतात, त्यामुळे हा खर्च पुढेही वाया जात नाही. निकॉनने 2018 मध्ये मिररलेससाठी काढलेल्या एफटीझेड या अ‍ॅडॅप्टरमध्ये मात्र दांडीची मोटर पुन्हा एकदा गाळली आहे. डी40 च्या मालकाची व्यथा बारा वर्षांनंतर चौपट किमतीच्या कॅमेऱ्याच्या मालकाला भोगावयास मिळाली, एवढाच काय तो फरक.

दरम्यान गेल्या काही वर्षांत तरुण मंडळींनी सीसीडी सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्यांचा शोध मांडला आहे, त्यांच्या रंगांत काही निराळी गोडी आहे अशा समजुतीने. त्या गोडीचे श्रेय सेन्सरपेक्षा त्या काळच्या रंगसंस्कारांना अधिक द्यावे असे मला वाटते; तथापि 6 मेगापिक्सेलच्या 3008 बाय 2000 ठिपक्यांतून 10 बाय 6.7 इंचांचे नितळ चित्र छापता येते, ही 2006 साली कोणी ऐकून न घेतलेली गोष्ट त्यांनी स्वतः करून पाहिली आहे, आणि त्यांच्यामुळे बोरा बाजारासारख्या ठिकाणी जो डी40 कोणी विचारीत नसे त्याची चौकशी होऊ लागली आहे. पन्नासची जुनी लेन्स त्यावर हातानेच फोकस करावी लागते, याची त्यांना तक्रार नाही. उलट तेच त्यांना हवे आहे.