काळ्या मातीवरचं ऑस्ट्रियन यंत्र

लासूर स्टेशनच्या बाजूच्या लाइनीवर कधीतरी एक लांबलचक पिवळं यंत्र उभं दिसतं. ते इंजिन नाही आणि डबाही नाही. रेल्वेची माणसं त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. हे टॅम्पिंग मशीन. स्लीपरखाली खडी घट्ट बसवायची, हे त्याचं मुख्य काम.

आपल्या भागात हे काम अवघड आहे. गंगापूर-वैजापूरची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. वर गाड्यांचा मार चालूच असतो. मग खडी सरकते आणि रूळ कुठेतरी बसतो. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज इथून गेली. तेव्हापासून रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमननी बीटर मारून पॅकिंग, म्हणजे खडी घट्ट बसवण्याचं काम, केलं. बीटर म्हणजे एका टोकाला बोथट तोंड असलेली कुदळ. एका स्लीपरला चार माणसं, समोरासमोर, तालात घाव घालायची. 1990 च्या दशकात ब्रॉडगेज आली, तिच्याबरोबर अडीच क्विंटलच्या घरातले काँक्रीटचे स्लीपर आले, आणि हाताचं पॅकिंग पुरेनासं झालं.

टॅम्पिंग मशीनमधलं मोठं नाव प्लासर अँड टॉयरर. फ्रान्झ प्लासर आणि योसेफ टॉयरर यांनी 1953 मध्ये ऑस्ट्रियात ही कंपनी काढली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या चेसापीकला तिचा कारखाना आहे. भारतात 1965 पासून तिची शाखा आहे आणि फरिदाबादला यंत्रं तयार होतात. अमेरिकेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1435 मिलिमीटर, आपला 1676. कामाचं तत्त्व मात्र तेच.

ते तत्त्व जवळून बघण्यासारखं आहे. यंत्र आधी रूळ स्लीपरसकट उचलून हव्या त्या पातळीला धरतं. मग पोलादी बोटं खडीत उतरतात. त्यांना टाइन म्हणतात. एका स्लीपरला 16, आणि दोन स्लीपर एकदम घेणाऱ्या यंत्राला 32. सेकंदाला सुमारे 35 वेळा थरथरत ती खडीत शिरतात, म्हणून दगड फुटण्याऐवजी सरकतात. मग दोन्ही बाजूंची बोटं मिटतात आणि खडी स्लीपरखाली दाबून भरतात. खरी करामत पुढे आहे. सगळ्या टाइनना दाब सारखाच असतो, पण सरकण्याचं अंतर ज्याचं त्याचं. जिथली जागा भरली तिथला टाइन थांबतो, जिथे पोकळी आहे तिथला पुढे जात राहतो. चार गँगमनचा अनुभवी हात जे ओळखायचा, ते इथे तेलाचा दाब ओळखतो. माझ्या मते या यंत्राचं मोठेपण वेगापेक्षा यातच जास्त आहे.

तरी माणूस सुटलेला नाही. पुरेशी खडी आधी टाकावी लागते, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या सैल चाव्या ठोकाव्या लागतात, मशीन गेल्यावर विस्कटलेली खडी फावड्यानं सारखी करावी लागते. हे सगळं ट्रॅकमनच, म्हणजे पूर्वीचे गँगमनच, करतात.

आणि लागतो ब्लॉक. मशीन लाइनीवर उतरलं की त्या तुकड्यात दुसरी गाडी सोडता येत नाही. मनमाड-छत्रपती संभाजीनगर हा वर्षानुवर्षे एकेरी मार्ग. तास-दोन तास मिळवायचे तरी पोटूळ नाहीतर परसोडा स्टेशनवर एखादी गाडी थांबवावीच लागते. काम झाल्यावरही खडी बसेपर्यंत तिथून गाड्या हळू सोडतात.

तेव्हा ‘ब्लॉकमुळे गाडी उशिरा’ असं ऐकलंत तर तो वेळ वाया गेला असं समजू नका. पुढच्या पावसाळ्यात आपली गाडी याच काळ्या मातीवरून जायची आहे.